आल्यात शिरलेलं पाणी

"मॅडम, नकाशा तुमच्या हापिसाचा हाय. खरा का खोटा, तेवढं येऊन सांगा. सांजच्याला मला गुन्हा दाखल करायचाय."

हवालदार जालिंदरांचा हा फोन आला, तेव्हा अक्षता साताऱ्याच्या कार्यालयातल्या नकाशा कक्षात बसून शेजारच्या टेबलावरच्या पूजावर जळत होती. याला दुसरा शब्द नाही. जमिनीच्या चढउताराचे नकाशे कोणालाही फुकट बघता यावेत म्हणून काढलेल्या संकेतस्थळावर दोन वर्षं डोळे फोडले ते अक्षताने. गेल्या शुक्रवारी पूजाने त्यातले नुसते रंग बदलले. अक्षताचे मातकट-हिरवे गेले, पूजाचे निळे-जांभळे आले. आणि कालच्या बैठकीत साहेबांनी नाव घेतलं ते पूजाचं.

खोलीबाहेर पडायला निमित्तच हवं होतं. तिने स्कूटी काढली आणि कोरेगावचा रस्ता धरला.

वाडीच्या शिवारात जालिंदर बांधावर उभे होते. शेजारी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार लालासाहेब, ताठ, ओठ मिटलेले. गेल्या रविवारी पहाटे त्यांच्या आल्याच्या रानात पाणी शिरलं आणि सऱ्यांमध्ये साचून राहिलं. आता ते ओसरलं होतं. पण पानं पिवळी पडली होती, आणि बुंध्यांना हिरवट पापुद्रा वाळून चिकटला होता.

"कूज लागणार," सुभेदार म्हणाले. "वर्षाचं पीक गेलं."

बांधापलीकडे, ज्याच्यावर तक्रार होती त्या नागसेनचं रान. शाळू पेरायला ओलवून ठेवलेलं. मधला बांध एका जागी फोडलेला होता.

नागसेन आईजवळ उभा होता. सडपातळ, उन्हात पळून पळून काळवंडलेला.

"शनिवारी रात्री मोटर कोणी चालू केली?" अक्षताने विचारलं.

"मीच. ह्या आठवड्यात लाईट रात्रीचीच हाय. मोटर सुरू केली आन् घरी गेलो. पहाटं पळायला जायचं असतंय."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"बांध फोडलास?"

"न्हाई."

"आवं मॅडम," त्याची आई आक्काताई पुढे आली, "पोराचं फौजेच्या भरतीच्या यादीत नाव आलंय. चारित्र्याचा कागद ह्या हवालदारांच्या टेबलावर पडलाय. गुन्हा पडला की संपलं सगळं."

जालिंदरांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आक्काताई, रडून पाणी मागं फिरतं व्हय?" मागून आवाज आला. सुभेदारांचा मुलगा शंभूराज. त्याने घडी घातलेला कागद अक्षतापुढे धरला. "सरकारी नकाशा हाय. ह्याचं रान तपकिरी, म्हंजे उंच. आमचं हिरवं, म्हंजे सखल. पाणी कुठं जाणार सांगा."

अक्षताने कागद उलगडला. रंग ओळखीचे होते. नागसेनचं रान गडद तपकिरी दिसत होतं. चारी कडा पट्टीने आखल्यासारख्या, कोपरे काटकोनात. कागदाच्या खालची पट्टी मात्र नव्हती.

"इथे कोणत्या रंगाची किती उंची, ते लिहिलेलं असतं. ते कुठे गेलं?"

"प्रिंटरात अडकून फाटलं."

"तुमचा प्रिंटर कात्री बाळगतो का?"

जालिंदर खुदकन हसले. शंभूराज हसला नाही.

"नकाशा कधी काढलास?"

"रविवारी. पाणी बघितलं, तसाच कोरेगावात गेलो आन् दुकानातनं काढून आणला."

"नक्की?"

"दहा येळा काय विचारताय? रविवारीच."

अक्षताने मान हलवली आणि वर बघितलं. आल्याच्या रानाच्या वरच्या अंगाला, उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेलं एक शेततळं होतं.

"ते कोणाचं?"

"आमचंच," सुभेदार म्हणाले. "पण त्याच्या पाणी सोडायच्या कॉकला कुलूप असतं. चावी घरात खुंटीला."

ती चढून वर गेली. तळ्यात हिरवी साय धरली होती. प्लास्टिकवर त्याच सायीची वाळलेली एकच रेघ होती, ती पाण्याच्या बरीच वर.

"उन्हानं आटतंय," शंभूराज खालून ओरडला. तिने काहीच विचारलं नव्हतं.

खाली येऊन तिने गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी मागितली. वाडीत एका घराचं काम चालू होतं, तिथून जालिंदरांनी आणवली. तिने नळीत पाणी भरलं. एक टोक आल्याच्या सरीत सुभेदारांच्या हाती दिलं, दुसरं नागसेनच्या रानात जालिंदरांच्या हाती.

"दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. आता जमिनीपासून किती वर आहे, ते सांगा."

"माझ्या नडगीपर्यंत," सुभेदार म्हणाले.

"माझ्या गुडघ्याच्या वर की हो!" जालिंदर म्हणाले. त्यांनी खाली वाकून दोनदा बघितलं. "म्हंजे?"

"म्हणजे नागसेनचं रान खाली आहे. इथलं पाणी आल्यात जायला त्याला चढ चढावा लागेल."

 सुभेदारांनी नळी हळूच खाली ठेवली.

"मग सरकारी नकाशा खोटा?"

"नकाशा खरा आहे, सुभेदार. पण तो जमिनीचा नाही." अक्षताने मोबाइलवर संकेतस्थळ उघडलं. "आम्ही दोन प्रकारचे नकाशे ठेवतो. एक उघड्या जमिनीचा. दुसरा, वरून ड्रोनला जे दिसेल त्याच्या माथ्याचा. झाड असेल तर झाडाचा, घर असेल तर छपराचा. मागच्या हिवाळ्यात ड्रोन फिरला, तेव्हा नागसेनच्या रानात काय होतं?"

"ऊस," आक्काताई म्हणाली. "तोडीला आल्याला."

"या कागदावर त्या उसाचे शेंडे मोजलेत. म्हणून तर कडा सरळ. डोंगर कधी काटकोनात वाढतो का? खालची पट्टी असती, तर दोन रानांत दहा फुटांपेक्षा जास्त फरक दिसला असता आणि हवालदारही हसले असते. म्हणून ती कापली. चुकून हा नकाशा काढणारा माणूस पट्टी कापत नाही."

शंभूराजने पाय बदलला.

"आता पाणी. आल्याच्या बुंध्यांना शेवाळ चिकटलंय. नागसेनच्या खोल विहिरीच्या पाण्यात ही हिरवी साय नसते, ती तुमच्या उघड्या तळ्यात आहे. तळं हळूहळू आटलं असतं तर सायीच्या खूप रेघा पडल्या असत्या; एकच आहे, म्हणजे ते एकाएकी उतरलंय, आणि चावी तुमच्या खुंटीला. नागसेन मोटर लावून गेल्यावर कोणीतरी कॉक उघडला, मग बांध फोडला."

"कोणीतरी म्हंजे कोण?" सुभेदारांचा आवाज खाली आला होता.

"हा नकाशा रविवारी काढलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या संकेतस्थळाचे रंग बदलले. हे बघा, आता सगळं निळं-जांभळं. रविवारी काढला असता, तर कागदही निळा-जांभळा निघाला असता. हे जुने रंग आहेत. मी निवडलेले, मला चुकणार नाहीत. पाणी शिरायच्या आधीच पुरावा छापून तयार होता, शंभूराज."

शंभूराजने बापाकडे बघितलं. बाप त्याच्याकडे बघत नव्हता, वाळलेल्या पानांकडे बघत होता.

"आपल्याच पिकात?" सुभेदार म्हणाले. "का रं?"

"का म्हंजे?" शंभूराज एकदम भडकला. "आमा दोघांना तुमीच पळवलं नव्हं त्या रस्त्यानं? माझी ही शेवटची भरती हुती. वय संपलं माझं. आन् रोज ताटावर काय, तर नागसेनचा दम बघा, नागसेनची छाती बघा! त्याचं नाव आलं तवा पेढे तुमी वाटले, आप्पा. तुमी! माझ्या पाठीवर हात ठेवला का कुणी?"

"म्हणून त्याला गुन्ह्यात अडकवायचं?"

"मला वर्दी नको हुती आता. त्याला मिळाय नको हुती."

अक्षताने मोबाइल बंद केला. काल दुपारपासून ती पूजाच्या कामात चूक शोधत बसली होती. सापडली असती, तर साहेबांपुढे धरायला. तिला शंभूराजकडे बघवेना.

"हवालदार," सुभेदार म्हणाले, "माझी तक्रार खोटी होती. पोराचं जे व्हायचं ते कायद्यानं होऊ दे. पण नागसेनचा कागद आज गेला पायजे."

"आत्ता ठाण्यात जाऊन सही करतो."

"आन् माझ्या पोराचं नाव?" आक्काताई हलली नाही. "चावडीवर बांधफोड्या म्हणून घेतलं हुतं. चावडीवरच परत घ्या."

"घेतो. शंभू घेईल. मी शेजारी उभा राहीन."

जालिंदर गाडीकडे निघाले, मागोमाग आक्काताई. नागसेन शंभूराजच्या जवळून पुढे गेला, तसा शंभूराजने तोंड उघडलं. माफी मागेल असं सगळ्यांना वाटलं.

"ट्रेनिंगचं सेंटर कुठलं मिळालं रं?"

नागसेन थांबला. सुभेदारांकडे एकदा बघून त्याने नजर खाली घातली.

"बेळगाव. आप्पांचंच."

सुभेदारांचा हात आपोआप वर आला, नागसेनच्या पाठीपर्यंत. मग मुलाकडे लक्ष गेलं, आणि हात तसाच हवेत राहिला.