पंचविसावी ओळ

दवाखान्याच्या बायकांच्या विभागात खाटा चोवीस. कोणत्या खाटेवर कोण, हे थोरली जाऊ अठरा वर्षं लिहीत आली होती. आधी वहीत, मग संगणकावर; एका खाटेला एक ओळ. धाकटी जाऊ तिथे लागून वर्षही झालं नव्हतं. तिने स्वतःची वेगळी फाइल केली आणि थोरलीच्या तक्त्यातले सगळे चौकोन त्या फाइलला जोडून टाकले. धाकटीने तिकडे नाव लिहिलं की ते इकडे आपसूक दिसायचं. थोरलीच्या हाताला कामच उरलं नाही.

महिनाअखेरीला नोंदीच्या टेबलावर एकच जण राहणार होती. दुसरीची रवानगी कपड्यांच्या कोठारात. मोठ्या सिस्टर उठता-बसता धाकटीचं कौतुक करत आणि थोरलीचा तिळपापड होई. धाकटीची एक चूक सापडावी, एकच, म्हणून ती रोज तक्ता धुंडाळायची. पण नाव डोळ्यांसमोर असूनही शोधलं की 'सापडलं नाही' यायचं.

"ताई, चौकोनात नाव नसतंच मुळी," धाकटी म्हणाली. "आत फक्त माझ्या फाइलचा पत्ता असतो. 'दिसतं त्यात शोध' असं सांगायचं त्याला. हे बघा, इथे."

"शिकवा बाई. तुमच्याकडून शिकायचंच तेवढं राहिलं होतं."

धाकटी हसली आणि जेवायला गेली.

थोरलीने तसं करून पाहिलं. सहज म्हणून स्वतःचंच नाव टाकलं, माहेरचं. लग्नात ते बदललं होतं. धाकटीच्या कानावर ते कधी गेलंच नव्हतं.

एक चौकोन सापडला. पंचविसाव्या ओळीत.

चौकोनाच्या आत धाकटीच्या फाइलचा पत्ता होता. तिने ती फाइल उघडली. तिथे ती जागा कोरी. कोऱ्या जागेला जोडलेल्या चौकोनात शून्य दिसतं, एवढं तिला ठाऊक होतं. खाली सव्वीस, सत्तावीस, सगळीकडे शून्यंच होती.

भीती वाटायच्या आधी तिला आनंद झाला. चूक सापडली एकदाची! तिने मोठ्या सिस्टरना हाक मारली.

त्या वाकल्या. "शून्य तर आहे. डोळे तपासून घ्या बाई."

त्यांची पाठ वळली आणि नाव पुन्हा दिसू लागलं. शेजारी दाखल केल्याची तारीख. आजची.

थोरली खुर्चीसकट मागे सरकली. आणि तरीही मनात आलं ते एवढंच: सगळं धाकटीच्या वाट्याला जातं ना, मग हेही जाऊ दे.

तिने त्या चौकोनावर धाकटीचं नाव टाइप केलं. जोड तुटली. नाव तिथे बसलं.

धाकटी जेवून परत आली नाही.

तीन वाजता थोरलीने घरी फोन लावला.

"धाकटी?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, मला सून एकच. तुला बरं नाही का?"

तिने घाईघाईने नाव पुसलं. चौकोनाच्या आत पाहिलं. आत काहीच नव्हतं.

वर धाकटीचं नाव दिसतच होतं.

आया दारात आली. काखेत दोन उशा.

"पंचवीस नंबरवाल्या बाईंना उशी हवी होती, नेतेय."

"आणि दुसरी?"

"शेजारच्या खाटेला. त्यांच्या जाऊबाई यायच्यात म्हणे."