न हललेला फोटो

मे महिन्यातल्या एका दुपारी ऋषी मोटारसायकलला कॅमेऱ्याची बॅग बांधून अवसरी बुद्रुकहून आहुप्याला निघाला. घरी सांगितलं, लग्नाच्या ऑर्डरचं बोलायला मंचरला जातो. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. खरं कारण म्हणजे सूरज.

सूरजचं आळेफाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दोघं फोटो काढायला शिकले ते एकाच जुन्या कॅमेऱ्यावर, आलटूनपालटून. पुढे ऋषीने लग्नं करून करून भारी लेन्स घेतली. सूरजकडे तोच जुना कॅमेरा राहिला. आणि चौशिंगा मिळाला तो सूरजला. चार शिंगांचं, बकरीएवढं, कमालीचं लाजरं जनावर. ऋषीने त्याचे चाळीसेक फोटो काढले असतील, सगळे किंचित हललेले. सूरजच्या एकाच फोटोत पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. एका डेअरीने तो कॅलेंडरवर छापला. मग काय, ऋषी चहाला थांबला की भिंतीवरून चौशिंगा बघतोय, दाढीला बसला की आरशातून बघतोय. सासुरवाडीलासुद्धा सुटका नाही. माणसाने किती सोसायचं?

"कुठं बसला होतास?" त्याने एकदा सरळ विचारलं.

"सोड ना," सूरज म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तिथं एकट्यानं बसू नको, ऋषी."

"का? जागा तुझ्या नावावर आहे?"

सूरज हसला नाही. ऋषीला वाटलं, बेटा जागा लपवतोय. झालं, तिथेच त्याने ठरवलं.

फोटो आहुप्याकडचा, एवढं त्याला ठाऊक होतं; तिथल्या म्हाताऱ्या भिमाजीने पुढची वाट दाखवली. देवराईच्या कडेला एक पाणवठा होता आणि त्याच्यासमोर फांद्यांचं लपण, माणूस मांडी घालून बसेल एवढं. सूरजनेच बांधलेलं. ऋषी आत शिरला तेव्हा त्याला चोरून कोणाच्या ताटावर बसल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

"राईतली वाळली काटकीबी आमी घरी न्हेत न्हाई, भाऊ," भिमाजी म्हणाला.

"मी काटकी कुठं नेतोय? फोटो काढणार फक्त."

"फोटू म्हंजी न्हेणंच की." म्हाताऱ्याने पायताण झटकलं. "दिस मावळायच्या आत उठा. सूरजभाऊबी बसलं व्हतं." एवढं बोलून तो वाटेला लागला.

सूरज बसला होता! ऋषीच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

पाच वाजले, सहा वाजले. हिरड्याच्या झाडांत उजेड लवकर आटतो. कुजलेल्या पाल्याचा ओला वास येत होता, रातकिडे सुरू झाले होते. सूर्य डोंगराआड गेला, तसे ते रातकिडे सगळे एकदम थांबले.

आणि चौशिंगा आला.

पाण्यापाशी उभा राहून तो थेट लपणाकडे बघू लागला. ऋषीने कॅमेरा डोळ्याला लावला. हा कॅमेरा डोळा आपला आपण शोधतो. सापडला की त्यावर पांढरा चौकोन बसतो, आणि खाली अंतराचा आकडा येतो. चौकोन चौशिंग्याच्या डोळ्यावर बसला. चौदा मीटर. ऋषीने श्वास रोखून बटण दाबलं. एक, दोन, तीन...

चौकोन सरकला. जनावराच्या डाव्या अंगाला, मोकळ्या हवेत जाऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं. ऋषीने कॅमेरा हलवून तो परत आणला, पण तो पुन्हा तिथेच गेला. कोणाचा तरी डोळा सापडल्यासारखा घट्ट बसला.

अकरा मीटर, आकडा म्हणाला. मग नऊ.

चौशिंगा जागचा हलला नव्हता. पाचोळा वाजत नव्हता. फक्त वास बदलला, पाल्याच्या जागी ओल्या केसांचा वास आला. सात... पाच...

ऋषीच्या पाठीला घाम फुटला. उठ, असं त्याच्या अंगातला कणन् कण सांगत होता. पण सूरज उठला नव्हता. सूरज इथेच, या आकड्यासमोर बसला असणार, म्हणून तर त्याला तो फोटो मिळाला. त्या काडीपैलवानाला जमलं आणि मला जमू नये? ऋषीने दात आवळले आणि दगडासारखा बसून राहिला. तीन. दोन. एक.

मग चौकोन विझला. रातकिडे परत सुरू झाले. पाणवठ्यावर कोणी नव्हतं.

त्याने बटण अकरा वेळा दाबलं होतं, ते पक्कं आठवत होतं. घरी कार्ड लावलं तर फोटो बारा. अकरा चौशिंग्याचे, सगळे किंचित हललेले. बारावा ऋषीचा होता.

लपणात मांडी घालून बसलेला ऋषी, पाण्याच्या बाजूने, अगदी जवळून काढलेला. चेहरा मोकळा, दोन्ही डोळे उघडे. कॅमेरा मात्र कुठेच दिसत नव्हता. भुवईतला घामाचा थेंब, पापणीचा केस न् केस. भीती नंतर आली. आधी पोटात तीच जुनी आग पडली. इतका शार्प फोटो त्याला आयुष्यात जमला नव्हता, आणि हा कोणीतरी एका झटक्यात काढला होता.

सकाळी तो सूरजच्या दुकानात गेला. लॅपटॉपवर फोटो उघडून समोर ठेवला. सूरजच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"बसून राहिलास तू?"

"तू नव्हतास बसला?"

"मी पळालो, ऋषी. कॅमेरा तिथंच टाकून. भिमाजीने सकाळी आणून दिला." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंही नाही. "तो चौशिंगा मी काढलेलाच नाही. कार्डात होता तो. त्याच्यापुढं आणखी एक होता."

त्याने मोबाइल पुढे केला. पळता पळता मागे वळून बघणारा एक माणूस, सगळा फरफटलेला, डोळे कुठे आणि तोंड कुठे ते कळू नये असा. शर्टावरून तेवढा सूरज ओळखू येत होता.

"मी हललो, म्हणून माझा आला नाही नीट," सूरज हळू आवाजात म्हणाला. "तू का नाही हललास?"

ऋषी परत लॅपटॉपवरच्या फोटोकडे बघायला लागला. वर्षभर ज्याच्यावर जळलो, तो फोटो याचा नव्हताच. आणि त्यासाठी आपण...

सूरजने काय मनात आणलं कोण जाणे. त्याने ऋषीचा कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. समोर ऋषी खुर्चीत, शेजारी टेबलावर उघडा लॅपटॉप. मग कॅमेरा त्याने टेबलावर तसाच, ऋषीकडे तोंड करून ठेवला आणि कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन वळवून त्याला दाखवला.

चौकोन लॅपटॉपमधल्या ऋषीच्या डोळ्यावर घट्ट बसला होता. खऱ्या ऋषीने मान हलवली, हात हलवला, मग तो उठून अगदी लेन्ससमोर येऊन उभा राहिला. चौकोन काही त्याच्यावर येईना. आणि खालचा आकडा चौदा मीटर दाखवत होता, पाणवठ्यावरच्या चौशिंग्याएवढंच. त्या दुकानाची लांबी आठ फुटांच्या वर नव्हती.