कळपाची नजर

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवकन्या लातूरहून नेकनूरला भावाकडे आली, ती लेकरांना हरणं दाखवायचं कबूल करूनच. कुसुम दहा वर्षांची, बंकट सहाचा. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. भाऊ बद्रीनाथ गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. जनावरांच्या चारा छावणीच्या कामातून त्याला सवड कुठली? म्हणून त्यानं धुळाजी धनगराला सोबत दिलं.

"तळ्यात थोडं पाणी उरलंय. दिवस कलला की काळविटं येत्यात," धुळाजी म्हणाला. "फक्त बोलायचं न्हाई."

चौघं बांधाआड बसले. तळं भेगाळलेलं, मधोमध अंगणाएवढं डबकं. वारा पडला होता. आधी दोन मोर आले, मग एक खोकड, मागून काळविटांचा कळप. आईच्या मांडीवर बसलेला बंकट आनंदानं चुळबुळत होता.

पण कुणीच पाण्याला तोंड लावेना. पाण्यापासून चार हातांवर सगळी थांबली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

"आई, ती पीत का नाहीत?" कुसुमनं कानात विचारलं.

तेवढ्यात पाणी हललं. पलीकडच्या काठाला कुणी नव्हतं, पण तिथूनच वर्तुळं उठू लागली. आणि आवाज आला... तहानलेलं जनावर पाणी ओढतं तसा, जड, सावकाश. डबक्याची कड मागं सरकत गेली, ओला चिखल उघडा पडला. वारा नसतानाही ओल्या कातड्याचा उग्र वास बांधापर्यंत आला.

शिवकन्यानं धुळाजीकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

आवाज थांबला. सगळ्या माना एकदम वळल्या; मोरांच्या, खोकडाचीही. चालत्या माणसाकडं बघावं तशा त्या हळूहळू फिरत होत्या... चिखलावरून, उतारावरून, बांधाकडं. शेवटी सगळे डोळे बंकटवर येऊन थांबले.

"ताई, लेकरू पोटाशी धरा," धुळाजी पुटपुटला. "पळू नका. अन् मागं बघू नका."

घर येईपर्यंत शिवकन्यानं बंकटचं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले. धुळाजी दारातूनच माघारी फिरला. पाणीसुद्धा मागितलं नाही त्यानं.

सगळं ऐकून बद्रीनाथ हसला. "खोकडाला भ्यालीस व्हय गं? लेकरू तर मजेत हाय की."

खरंच मजेत होता तो. भाकरी खाल्ली, मामाच्या मांडीवर झोपला. शिवकन्याचा जीव जरा खाली पडला.

रात्री गोठ्यातून घटाघटा गिळल्याचा आवाज आला. बद्रीनाथ कंदील घेऊन गेला आणि उंबऱ्यातच थांबला. मागून आलेल्या शिवकन्यानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

चार महिन्यांपूर्वी आटलेली गाय पान्हा सोडून उभी होती. तिच्याखाली काहीच नव्हतं. आणि ती मान वळवून, डोळे अर्धे मिटून, वासराला चाटावं तशी ती मोकळी जागा चाटत होती.