रिकाम्या तालमीतला कोल्हा

केदारनाथ पहिल्यांदा भेटला तो भाड्याच्या माइकपायी. आष्टीत त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. शाळेच्या बालनाट्यासाठी मी माइक मागायला गेले, तर हा म्हणाला, आधी तालीम बघतो, मग सांगतो कसला लागेल ते. मला रागच आला. माइकवाल्याला तालमीशी काय करायचंय? पण आला… आणि मग रोजच यायला लागला.

मी मिरजेची, नोकरीसाठी आष्टीत नवीन आलेली. एक खोली, एक स्टोव्ह आणि बोलायला समोरची भिंत. गावात नुकतीच केबल आली होती, दिवेलागणीला सगळी दारं लागायची. सहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये मुलं जमायची, तेवढाच काय तो माझा दिवस. 'जंगलाचा सरपंच' हे नाटकही मीच लिहिलेलं. प्रयोग बालदिनाला, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. मुलांनी नुसतं एकमेकांकडे बघितलं. बाईंना उलट कोण बोलणार!

दसरा झाला आणि ससा करणारी कावेरी आली नाही. मग हत्ती गेला, मग अस्वल. कोणी गेलं की केदारनाथ मुकाट्यानं उठून त्या जागी उभा राहायचा. सशाची उडी मारताना त्याच्या खिशातला टेस्टर पडायचा. मी ओरडायचे, तो कान धरायचा. खोलीवर परतताना मला वाटेत एकटीलाच हसू फुटायचं. खरं सांगू? मुलं कमी होत होती, आणि मी मात्र आरशासमोर जास्त रेंगाळत होते.

एका संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. कोल्ह्याची शेपूट कमरेला बांधून तो उभा होता. मुलं कुठं आहेत, मी विचारलं.

"उसाला गेले, आई-बापासंगं. दसरा झाला की टोळ्या निघतेत."

मी बाकावर बसले. आमच्या मिरजेकडे दर हिवाळ्यात साखर कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. लहानपणी शाळेत जाताना रोज दिसायच्या. ही माणसं येतात कुठून, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आष्टीत कोणाला ठाऊक न्हाई?"

"मग बोलला का नाहीत?"

तो शेपटीची गाठ चाचपत राहिला. "बोललो असतो तर तुमी दसऱ्याआधीच नाटक उरकलं असतं, मॅडम. मग मी रोज हितं… कशापायी आलो असतो?"

गोड वाटलं. आणि तेवढाच संतापही आला. तुमच्या हौसेपायी लेकरांचं नाटक गेलं, असं म्हणून मी हॉलची किल्ली बाकावर आपटली आणि निघाले.

त्या दिवाळीत एक पणती लावली, तीही वाऱ्यानं विझली. शेजारच्या मंजुळाबाईंनी फराळाचं ताट दिलं, पण एकटीनं अर्धी करंजी खाऊन मी ते झाकून ठेवलं. राजीनामा देऊन मिरज गाठायची, असं मी ठरवलं आणि मंजुळाबाईंना सांगूनही टाकलं.

बालदिनाच्या संध्याकाळी सामान बांधायला दोरी आणायला निघाले, तर हॉलमध्ये दिवा दिसला. आत केदारनाथ एकटाच होता. इकडून कोल्हा बोलायचा, तिकडे धावत जाऊन ससा. भयंकर वाईट करत होता.

"कोल्हा असा पोक काढून उभा राहत नाही," मी दारातूनच म्हणाले.

तो दचकला. मग खाली बघत म्हणाला, "कारखान्यावर गेलतो. पोरांची माफी मागितली. कावेरी म्हनली, उन्हाळ्यात येते, तवर माझं काम कोणाला देऊ नका… तुमी बी जाणार म्हनं?"

इतके दिवस कोणी विचारलं नव्हतं. पण दिग्दर्शकानं तालमीत रडायचं नसतं.

"नाटक उन्हाळ्यात आहे. तोवर मी कुठं जाणार?"

त्याच्या हातातली शेपूट गळून पडली. मी ती उचलून त्याला दिली. आमची बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली…

"उद्या सहाला या," मी म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. "आणि केदारनाथ… टेस्टर घरी ठेवून या."