सहावी खेळाडू

पाण्यातून अचानक एक डोकं वर आलं, तोंडातली नळी बाजूला झाली आणि ते डोकं चक्क मराठीत म्हणालं, "तुम्ही सईची मम्मी ना? चप्पल जरा मागे घ्या, भिजेल."

मृणालिनीने चप्पल मागे घेतली आणि मनात नोंद केली — आपण कोण, हे याला आधीच ठाऊक आहे.

हा सुश्रुत. दुर्गाघाटावरच्या, उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठी घरातला, मुलींना पाण्याखालची हॉकी शिकवणारा. श्वास रोखून तळाशी जायचं आणि वीतभर काठीने जड चकती ढकलायची, असा हा खेळ. काठावरून दिसतात फक्त पाठी आणि फिन्स. अकरा वर्षांची लेक खाली काय करतेय तेच कळत नाही, म्हणजे मृणालिनीसारख्या संशयी आईला छळच. मग ती दिसणाऱ्या माणसावर नजर ठेवू लागली.

आणि तो दिसायला... बरा होता. हेही संशयास्पद.

हळूहळू तो तिच्यासाठीही मातीच्या कुल्हडमधला चहा आणू लागला.

"मला कशाला?"

"अकेल्याने पिववत नाही."

"किती बिघडलीये तुमची मराठी."

"सुधारणारं कुणी भेटलं नाही... अजून."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. गोड बोलण्याला भुलून एक संसार मोडून झाला होता. रेल्वेतली नोकरी आणि सई, यात तिचं बरं चाललं होतं.

मग तिला कळलं की लखनौच्या स्पर्धेला सहा मुली लागतात, याच्याकडे सईला धरून बरोब्बर सहा आहेत, आणि सईच्या संमतीपत्रावर आईची सही तेवढी बाकी आहे. अस्सं. म्हणजे चहा सहीसाठी.

तिने सही लांबवली. सही झाल्यावरही तो असाच बोलेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं... आणि नकोही होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तोच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सईचं नाव कापलं मी."

"का?"

"सर्दी लपवतेय ती. तळाला गेली की कान धरते. अशात खेळवलं तर पडदा फाटेल." मग हळूच, "तुम्हाला नाही दिसलं?"

नव्हतं दिसलं. आठ दिवस डोळे लेकीऐवजी याच्यावरच होते, हे त्याला कसं सांगणार?

एक कमी असली तरी खेळता येतं, जिंकणं तेवढं अवघड; तो पाचच मुली घेऊन गेला. रविवारी सकाळी तिच्या क्वार्टरची बेल वाजली. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"हरलो," सुश्रुत म्हणाला. "कान कसाय तिचा?"

"बराय. पण डॉक्टरांनी महिनाभर पाणी बंद केलंय. तुम्हाला हव्या असलेल्या सहीचाही विषय संपला."

"तेच तर."

"मग आता कशाला आलात?"

"आधी आलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, सही पाहिजे म्हणून आलाय. आता काहीच नकोय मला... म्हणजे — तुमच्याशिवाय."

त्या फटीतून ती त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी डाव असेलच, म्हणून तिने त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत तपासला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

"मला संशय घ्यायची खोड आहे," ती म्हणाली.

"घ्या ना. फक्त... समोर बसवून घ्या."

तिने साखळी काढली.