बिसरामची सारसजोडी

“डोळा शेवटी भर, पोरी. तोवर पाखरू जागं होत नाई.”

गेलेल्या दुधराम आजोबांचा आवाज टीनाच्या कानात अजून होता. हा धडा त्यांच्या आजोबांचा, बिसरामचा. शंभरेक वर्षांपूर्वी बिसरामने एका साहेबासाठी पाखरं रंगवली. पुस्तकावर नाव मात्र साहेबाचं छापलं गेलं. बिसरामची सही असलेलं एकच चित्र दवनीवाड्याच्या घरी उरलं होतं: सारसाची जोडी. टीनाने पत्रांवर पत्रं लिहिली, तेव्हा कुठे संग्रहालयाची माणसं सोमवारी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, यायला तयार झाली.

आणि शनिवारी चौकट रिकामी!

गोंदियाहून गुप्तहेर केवलराम आले, सोबत मदतनीस दुर्गेश. केवलरामांनी चौकट न्याहाळली. काच लख्ख पुसलेली, चौकटीचे बारीक खिळे वाटीत जपून ठेवलेले.

चुलतभाऊ मोहित तडकला. “गिऱ्हाईक आनलं होतं मी, खरं हाय. पन कसरीनं एका सारसाचा डोळा खाल्लेला पाहून पळाला तो. माझ्यावर काऊन डोळा ठेवून राहिले?”

टीनाची आई रेणू म्हणाली, “आमच्या घरची लग्नं त्या जोडीपुढे लागतात. सासूबाई रोज फूल वाहतात. निर्माल्य साठवून अमावास्येला बोडीत, गावतळ्यात, सोडतात.”

आजी शकुंतलाबाई देवापुढे जप करत होत्या.

“निर्माल्याची टोपली रिकामी दिसते, आजी?” केवलरामांनी विचारलं.

“काल सोडलं, बाबू.”

बाहेर येताच दुर्गेश कुजबुजला, “पक्का मोहित, साहेब. गाडीची डिक्की पाहू?”

“चोर काच पुसत बसतो का रे?” केवलरामांनी सगळ्यांना देवापुढे बोलावलं. “या घरात ते चित्र नव्हतं, देव होता. डोळा गेला, देव खंडित झाला. खंडित देव घरात ठेवत नाहीत. अमावास्या मंगळवारी, तरी टोपली कालच रिकामी. निर्माल्यासोबत सारसही गेले. होय ना, आजी?”

माळ थांबली. “काच तेवढी ठेवली. गुराच्या पायात रुतली असती.” मग त्या नातीकडे वळल्या. “सही-बिही मले वाचता येते का? साऱ्या दुनियेले लिवलं, मले काऊन नाई सांगितलं?”

टीना बोडीकडे धावली; मागोमाग आजी.

बोडीवर झेंडू तेवढे तरंगत होते. कागदाचा लगदा बोटांतून निसटला. बिसरामचं नाव आता कशावर दाखवणार?

“नवी जोडी मी रंगवेन. पण सारस जवळून कधी पाहिलेच नाहीत, आजी.”

“मले जागा मालूम हाय. उद्या नेतो तुले.”

रविवारी उजाडता शकुंतलाबाईंनी पूजेचं ताट तसंच झाकून ठेवलं. कितीक वर्षांत पहिल्यांदाच. नातीला हलकेच हलवलं, आणि चपला हातात घेऊन त्या धानाच्या बांधावरून पुढे निघाल्या.