आवतन दिलेली गाडी

चकलांब्याला मी गेलो ते निव्वळ हौसेपोटी. बीडमध्ये माझं गॅरेज आहे, आणि जुनी मोटारसायकल म्हटली की माझी तहानभूक हरपते, हे माझ्या बायकोला, उज्ज्वलाला, पुरेपूर ठाऊक आहे. तिथल्या विजयसिंहाच्या गोठ्यात इटलीची चार सिलिंडरची गाडी उभी आहे असं कळलं, तेव्हा मी आधी हसलोच. अशी गाडी मी फक्त फोटोत पाहिली होती.

पण होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना मी गोठ्यात शिरलो. कडबा, शेण आणि त्यात मुरलेला जुन्या ऑइलचा वास. दोन बैलांच्या मधोमध ती चक्क दाव्यानं बांधलेली होती. लाल टाकी, दोन्ही अंगांना दोन-दोन सायलेन्सर. कुणा परदेशी प्रवाशाची ती चौसाळ्याजवळ बंद पडली आणि विजयसिंहाच्या वडिलांनी, अमरसिंहांनी, ठेवून घेतली. अमरसिंह वारले त्याला बरीच वर्षं झाली. विजयसिंहाला आता तिथं ट्रॅक्टर लावायचा होता. खुशाल न्या, म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई, केशरबाई, वाटीत तूप-हळद घेऊन आली. तिनं बैलांचे खांदे मळले, आणि त्याच हातानं गाडीचं हँडलही. मग बैलांपाशी वाकून जे म्हणाली, तेच गाडीपाशीही, अगदी हळू.

“आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

मला हसू आवरेना. तिला त्याचा राग आला नाही. टेंपो बोलावलाय, आजच नेतो म्हटल्यावर मात्र चेहरा उतरला.

“उद्याच्याला जेवण झाल्यावर न्या. ह्ये दर पोळ्याला हिच्यावरच येत्यात. ही गेली, तर येतील कशावर…?”

मला तिचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण धीर कुठला! मी दावं सोडलं.

पोळ्याच्या सकाळी गॅरेजमध्ये तिची चाकं काढली, इंजिन उघडलं. बघतो तर चारही सिलिंडर रिकामे. पिस्टन कुणी कधीच काढून नेलेले, आणि आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. मग दर पोळ्याला ही धावत होती कशावर? मी डोकं लावत तिच्यापुढे बसून राहिलो. उज्ज्वला जेवायला हाक मारून गेली तेही कळलं नाही.

दुपार टळताना केशरबाईचा फोन आला. आता बोलणी बसणार म्हणून मी बिचकतच उचलला. पण आवाज प्रसन्न होता. काळजी करू नका म्हणाली, ह्ये आले, जेवून गेले. म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून मीही बरं झालं म्हटलं.

“पर तुमी काहून असं केलं?”

“काय केलं, काकू?”

“त्येंच्या मागं बसून आलात, पोटभर जेवलात… आन एक सबूद बोलला न्हाईत.”

फोन ठेवून मी घरात गेलो आणि पानावर बसलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी पोट तुडुंब भरलेलं वाटत होतं. उज्ज्वला पोळी वाढायला वाकली आणि माझ्याकडे बघत थांबली.

“कुठं जेवून आलात हो?”

मी अजून पानाला हातही लावला नव्हता. तिनं पदराच्या टोकानं माझ्या मिशीला लागलेलं पुरण पुसलं.